मृतांची नावे कोणाच्या मालकीची?

अमेरिकेतील युटा वा आयडाहो राज्यातील एखादे निवृत्त जोडपे. मुले मार्गी लागलेली, घराचे कर्ज फिटलेले, नातवंडे अंगाखांद्यावर खेळून मोठी झालेली. एके दिवशी हे जोडपे घराला कुलूप लावते, दोन बॅगा उचलते आणि हजारो मैलांवरच्या परक्या देशात जाऊन राहते. हे पर्यटन नव्हे. तेथील एखाद्या सरकारी दफ्तरखान्यात किंवा जुन्या चर्चच्या कोठीत सकाळी आठला हजर व्हायचे, स्टँडवर बसवलेल्या कॅमेऱ्याखाली जुनी वही उघडायची, सुरकुतलेले पान हलक्या हाताने सपाट करायचे, चित्र टिपायचे, ते नीट उमटले की नाही हे पाहायचे आणि पुढचे पान उलटायचे. जन्म, बाप्तिस्मा, विवाह, दफन, खानेसुमारी, बोटीवरच्या उतारूंच्या याद्या. सहा महिने, बारा महिने, अठरा महिने, क्वचित तेवीस महिने हा क्रम चालतो. कॅमेऱ्याशी पटत नसेल, तर वंशावळ शोधायला येणाऱ्या अनोळखी माणसाच्या शेजारी बसून त्याचे पणजोबा शोधून देण्याचे काम असते.

या कामाला वेतन नाही, आणि खर्चही जोडप्याचाच. राहण्याच्या खर्चावर चर्चने २०११ पासून दरमहा १,४०० डॉलरांची मर्यादा घातली आहे. त्या रकमेपर्यंतचे भाडे जोडप्याने द्यायचे, खाण्यापिण्याचा आणि आरोग्यविम्याचा भारही त्यानेच उचलायचा. ज्या मॉर्मन चर्चसाठी हे सारे करायचे, त्या चर्चला या पतिपत्नीने आयुष्यभर आपल्या उत्पन्नाचा दशमांश दिलेला असतो. म्हणजे उमेदीच्या वर्षांत कमाईतील दहावा हिस्सा द्यायचा आणि उतारवयात उरलेल्या पुंजीतून स्वतःचे श्रमही पोहोचते करायचे.

समाजवादी माणसाने या जोडप्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पदरमोड करून खेडोपाडी शिबिरे घेणारे, शिळी भाकरी बांधून पदयात्रेला निघणारे, निवृत्तीनंतर संघटनेच्या कचेरीत पावत्या लिहीत बसणारे वृद्ध कार्यकर्ते ज्या चळवळीने पाहिले, तिने बिनपगारी श्रमाकडे पाहून नाक मुरडणे शोभणार नाही. सकाळी आठला दफ्तरखान्यात येऊन बसणारी ती वृद्धा कोणाचे काही लुटत नसते. तिच्या निष्ठेला नाव ठेवणे क्षुद्रपणाचे होईल. प्रश्न तिच्या निष्ठेचा नाहीच. तिने वर्षभर वाकून टिपलेली चित्रे शेवटी जातात कोठे, त्यांच्यावर कोणाचा हक्क चालतो आणि त्यांतून कोणाची तिजोरी भरते, एवढाच प्रश्न आहे. आणि या उपक्रमाचे तोंड भरून कौतुक करणारी मंडळी नेमका तोच टाळतात.

प्रथम या खटाटोपामागील श्रद्धा समजून घ्यावी लागेल. जोसेफ स्मिथ याने १८३० साली हा पंथ स्थापला आणि १८४० साली मृतांसाठी बाप्तिस्म्याची शिकवण दिली. पंथाचा संदेश ऐकण्यापूर्वीच मरण पावलेल्या पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाने मंदिरात बाप्तिस्मा घ्यावा. परलोकातील आत्म्याने तो स्वीकारावा अथवा नाकारावा, अशी ही कल्पना आहे. पतिपत्नी, आईबाप आणि मुले यांची गाठ मरणापलीकडे पक्की करण्याचा विधीही आहे. विधीसाठी नाव हवे, म्हणून पूर्वजांचा शोध हे धर्मकर्तव्य. पिंडदानाच्या वेळी तीन पिढ्यांची नावे घेणाऱ्या समाजाला यात फारसे विचित्र वाटू नये. फरक एवढाच की, येथे भटजीला यजमानाने नावे सांगावी लागतात. तेथे चर्चनेच जगभरची नावे गोळा करण्याचा कारखाना उभारला आहे.

कारखाना हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. युटाची वंशावळ संस्था १८९४ साली स्थापन झाली, १९३८ साली तिने मायक्रोफिल्म काढण्यास आरंभ केला, आणि साठीच्या दशकात सॉल्ट लेक सिटीनजीकच्या एका डोंगराच्या पोटात, सुमारे ७०० फूट ग्रॅनाइट खडकाखाली, त्या फिल्मा ठेवण्यासाठी भुयारे कोरली. फिल्मांच्या रिळांची संख्या २४ लाखांपर्यंत गेली. ही सर्व रिळे संगणकावर आणण्याचे काम २०२१ साली पुरे झाले, तेव्हा त्यांत २०० हून अधिक देश-प्रदेशांतील ११५० कोटींवर व्यक्तींची माहिती असल्याचे संस्थेने सांगितले. आज जिवंत असलेल्या माणसांपेक्षा डोंगरातील माणसे अधिक! जगातील कोणत्याही राष्ट्राच्या सरकारजवळ माणसांची एवढी मोठी वही नाही.

ही वही गोळा करण्याची रीत साधी आणि चतुर आहे. गरीब देशाच्या दफ्तरखान्यात कागदांना वाळवी लागलेली असते, छत गळत असते, नोकरभरती बंद असते. अशा वेळी दारात एक सभ्य, हसतमुख, वयोवृद्ध जोडपे येऊन उभे राहते. कॅमेरा त्यांचा, श्रम त्यांचे, खर्च त्यांचा. दफ्तरखान्याला एक प्रत फुकट. नाही म्हणण्यास कोणाची जीभ रेटेल? करार होतो. मूळ कागद तेथेच राहतात, आणि कालांतराने ते कुजले तर त्यांचे एकमेव धड रूप परदेशातील एका खाजगी धर्मसंस्थेपाशी उरते. कोणते चित्र जगाला दिसावे, कोणते फक्त संस्थेच्या केंद्रात येऊन पाहावे, कोणते मुळीच दिसू नये, हे त्या त्या करारांतील कलमांवर ठरते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची ही नावे, त्यांना या करारांविषयी कोणी विचारत नाही. बहुतेकांना करार झाल्याचे ठाऊकही नसते. या व्यवहारात मुख्य अपराधी चर्च नव्हे. आपल्या प्रजेच्या स्मृतीसाठी अंदाजपत्रकात चार पैसे न ठेवणारे सरकार हा खरा अपराधी. चर्च केवळ त्या रिकाम्या जागेत शिरले आहे.

कौतुक करणाऱ्यांचा यावर ठरलेला युक्तिवाद असतो : संकेतस्थळ सर्वांना फुकट आहे, मॉर्मन नसलेल्यालाही खुले आहे, मग तक्रार कसली? हे खरे आहे की, १९९९ पासून चालणाऱ्या त्या संकेतस्थळावर वापरणाऱ्याकडून छदामही घेतला जात नाही. परंतु दानशूर सावकाराच्या विहिरीवर सर्व गावाला पाणी भरू दिले जात असेल, म्हणून विहीर गावाची होत नाही. दोर सावकाराच्या हाती असतो. आणि सावकाराचे भागीदारही असतात, हे विसरून चालत नाही.

ते भागीदार कोण, ते पाहावे. वंशावळींचा व्यापार करणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी ॲन्सेस्ट्री ही युटातच आहे आणि ती वर्गणीदारांकडून पैसे घेऊन हीच माहिती पुरवते. या कंपनीने आणि चर्चच्या संस्थेने २०१३ साली सुमारे १०० कोटी नोंदी संगणकावर आणण्याचा संयुक्त बेत जाहीर केला. कंपनी पाच वर्षांत ६ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गुंतवणार होती आणि तिच्या जोडीला संस्थेने उभे केलेल्या स्वयंसेवकांचे हजारो तास असणार होते. भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे, ही जोडी समाजवादी वाचकाला काही नवी नाही. नवे एवढेच की येथे श्रमाची किंमत शून्य आहे आणि ती शून्य असल्याचा श्रमिकाला अभिमान आहे. पुढे २०२० साली ब्लॅकस्टोन या वित्तभांडवलाच्या बड्या पेढीने ही कंपनी ४७० कोटी डॉलरांना विकत घेतली. त्या किमतीत जुन्या वह्यांची पाने उलटून झिजलेल्या बोटांचा वाटा किती, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

अमेरिकेची १९५० सालची खानेसुमारी १ एप्रिल २०२२ रोजी जनतेस खुली झाली, तेव्हाची श्रमविभागणी पाहण्यासारखी आहे. हस्ताक्षर वाचणारे यंत्र कंपनीचे होते. त्या यंत्राने केलेल्या चुका एकेक नाव डोळ्यांखाली घालून दुरुस्त करण्याचे काम चर्चच्या संस्थेने जमवलेल्या स्वयंसेवकांचे. यंत्राची मालकी एकीकडे आणि यंत्राची उष्टी काढणारे हात दुसरीकडे.

चर्चला पैशाची चणचण आहे म्हणून वृद्धांना पदरमोड करावी लागते, असेही नाही. चर्चच्या गुंतवणुकी सांभाळणाऱ्या संस्थेपाशी सुमारे १०,००० कोटी डॉलरांची माया असल्याची तक्रार तेथील एका माजी कर्मचाऱ्याने २०१९ साली करखात्याकडे केली. अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने २०२३ साली याच संस्थेविषयी आदेश काढला. तेरा नावापुरत्या कंपन्या उभ्या करून चर्चची समभागांमधील गुंतवणूक लोकांच्या नजरेआड ठेवली गेली, आणि २०१८ पर्यंत ती सुमारे ३,२०० कोटी डॉलरांवर गेली होती, असे त्यात नमूद आहे. गुंतवणूक संस्थेला ४० लाख आणि चर्चला १० लाख डॉलरांचा दंड झाला. तो भरून प्रकरण मिटले. जगातील प्रत्येक मृत माणसाचे नाव उजेडात आणणाऱ्या चर्चला स्वतःच्या कंपन्यांची नावे मात्र अंधारात ठेवावीशी वाटली. ज्याच्या तिजोरीत एवढे आहे, त्याने दफ्तरखान्यातील जोडप्याच्या भाड्याचे १,४०० डॉलर मोजू नयेत?

आणि तरीही या कामाची दुसरी बाजू इतकी जड आहे की, ती लपवून केलेली टीका अप्रामाणिक ठरेल. अमेरिकेतील काळ्या जनतेच्या बाबतीत ती सर्वांत स्पष्ट दिसते. १८७० पूर्वीच्या खानेसुमारीत गुलामांची नावे नाहीत. मालकाच्या नावाखाली त्यांचे वय, लिंग आणि वर्ण तेवढे, जनावरांच्या मोजणीसारखे. मुक्तीनंतर, १८६५ साली, त्यांच्यासाठी एक बचत बँक निघाली. खाते उघडणाऱ्याचे वारस कळावेत म्हणून बँकेचा कारकून आईबाप, भावंडे, मुले, पूर्वीचा मालक, मळा असे प्रश्न विचारी आणि उत्तरे वहीत लिही. ज्यांची कुटुंबे लिलावात फोडून विकली गेली होती, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपले गणगोत एका कागदावर लिहविले. १८७४ साली बँक बुडाली. घाम गाळून साठविलेले पैसे गेले, वह्या राहिल्या.

या वह्यांतील सुमारे ४,८०,००० नावांची सूची मॉर्मन चर्चने २००१ साली प्रसिद्ध केली. ती करण्यास अकरा वर्षे लागली आणि ती केली युटाच्या राज्य तुरुंगातील सुमारे ५५० कैद्यांनी. कैद्यांनी ती स्वेच्छेने केली, असे सांगितले जाते, आणि त्यांतील अनेकांना त्या कामात मनःशांती लाभली असणेही शक्य आहे. पण गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८६५ च्याच घटनादुरुस्तीने गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला वाट मोकळी ठेवली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या तुरुंगातील टेबलाचे चित्र सहज पचणार नाही. मुक्त झालेल्या गुलामांची नावे बंदिवान उतरवून काढत होते. आणि ज्या चर्चसाठी हे काम चालले, त्याने १९७८ च्या जूनपर्यंत काळ्या पुरुषाला आपले पौरोहित्य नाकारले होते!

पुढे २०१५ आणि २०१६ मध्ये मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे कागद याच संस्थेने हाती घेतले. २५,००० हून अधिक स्वयंसेवकांनी वर्षभरात सुमारे १८ लाख नावे उतरविली. आज शिकागो किंवा अटलांटामधील काळी गृहिणी आपल्या खापरपणजीचे नाव विनाशुल्क शोधू शकते, ते यामुळे. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या प्रजासत्ताकाने त्या खापरपणजीला माल म्हणून मोजले, त्याच प्रजासत्ताकाने तिचे नाव परत मिळवून देण्याची जबाबदारी स्वतःच्या खर्चाने पार पाडावयास हवी होती. ती एका धर्मसंस्थेच्या निवृत्त भक्तांवर आणि कैद्यांवर सोपवून ते मोकळे झाले. भरपाई देण्याचे ज्याचे कर्तव्य, त्याच्या वतीने दुसऱ्यानेच दानधर्म केला, आणि कर्तव्याचा प्रश्न तेवढ्यावर मिटला असे मानले गेले.

मृतांची संमती हा आणखी एक मुद्दा. हिटलरच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने मंदिरांतून बाप्तिस्मे होत असल्याचे उघड झाल्यावर १९९५ साली ज्यू संघटनांशी करार होऊन सुमारे ३,८०,००० नावे यादीतून वगळावी लागली. कॅथलिक चर्चने एप्रिल २००८ मध्ये आपल्या नोंदवह्या या संस्थेला देऊ नयेत असे कळविले. तरी २०१२ साली ॲन फ्रँकच्या नावाने विधी झाल्याचे वृत्त आलेच. महात्मा गांधींच्या नावानेही असा विधी झाल्याचे त्याच वर्षी अमेरिकी वृत्तपत्रांनी छापले. चर्चचे धुरीण म्हणतात की, सभासदांनी केवळ स्वतःच्या पूर्वजांची नावे द्यावीत असा नियम आहे. नियम असेल. पण ११५० कोटी नावांचा ढीग कोणाच्याही हाताशी ठेवल्यावर नियम राखण्यासाठी जे मनुष्यबळ लागते, ते मात्र कधी पुरेसे उभे राहिलेले दिसत नाही.

हा सारा परदेशचा मामला, असे म्हणून पान उलटणाऱ्यास एक गोष्ट सांगितली पाहिजे. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या याच संस्थेच्या कॅमेऱ्याखालून गेल्या आहेत. गाव, जात, गोत्र यांच्या क्रमाने पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या या वह्या. नाशिक-त्र्यंबकला क्षेत्रोपाध्यायाच्या घरी बासनात बांधलेली नामावळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वह्यांचे रूप निराळे सांगावयास नको. त्या जतन झाल्या हे चांगलेच. मात्र त्यांत कोण आहे, याहून कोण नाही हे आधी पाहावे. जो तीर्थाला जाऊ शकला, ज्याच्यापाशी दक्षिणा होती, ज्याला उपाध्याय ओटीवर बसू देई, त्याचे नाव वहीत. गावकुसाबाहेरच्याचे नाव त्या वहीत शोधणे म्हणजे सावकाराच्या घरी कुळाचा सातबारा शोधण्यासारखे आहे. स्त्रियाही बहुधा कोणाची तरी पत्नी किंवा माता म्हणूनच येतात. डोंगरात नेऊन ठेवल्याने वहीतील हा पक्षपात नाहीसा होत नाही. उलट तो पुढील शतकांसाठी चिरेबंद होतो.

आणि येथे वंशावळ हा निवृत्तांचा छंद नाही. तिच्यावर शिक्षण आणि नोकरी अवलंबून आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला पडताळून घेण्यासाठी अनुसूचित जातीच्या मुलाने १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीच्या मुलाने ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्याने २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयाने १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेला वा तिच्यापूर्वी आपले कुटुंब या राज्यात कोठे राहत होते, हे कागदानिशी सांगावयाचे असते. ज्याचा आजा पालात जन्मला आणि पाल उचलून पुढच्या गावी गेला, त्याचा जन्म कोणत्या वहीत असणार? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांच्या आजोबांचे नाव सापडलेच तर ते पोलिसांच्या हजेरीपटात सापडेल. चोर म्हणून झालेली नोंद आता नातवाने हक्काचा पुरावा म्हणून मांडायची!

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांचे दप्तर एकाएकी उघडले गेले. कोतवाल बुके, खासरा पत्रके, शाळांची जुनी रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली आणि मोडी वाचणारे शोधण्यासाठी धावाधाव झाली. आंदोलनाचा रेटा असला की सरकारला दफ्तरखाना आठवतो, हे त्यातून दिसले. ज्यांच्यापाशी असा रेटा नाही, त्या वडार, कैकाडी, पारधी तरुणाला अजूनही एका उताऱ्यासाठी पाच वेळा एस.टी.चे भाडे खर्चून तालुक्याला यावे लागते, आणि ‘रजिस्टर जीर्ण झाले आहे’ हे उत्तर घेऊन परतावे लागते.

उद्या या तहसील कचेरीच्या दारात ते हसतमुख जोडपे कॅमेरा घेऊन उभे राहिले, तर नायब तहसीलदार बहुधा त्याला आनंदाने आत घेईल, आणि त्याला दोष देणे कठीण जाईल. म्हणून त्यापूर्वीच मागणी झाली पाहिजे ती सरकारकडे : प्रत्येक तालुक्याचे जुने दप्तर सार्वजनिक खर्चाने, पगारी आणि कायम नोकरांकडून छायांकित व्हावे, त्याची सूची देवनागरीत ग्रामपंचायतीत विनामूल्य पाहता यावी, मोडी वाचणाऱ्यांची पदे आंदोलनापुरती नव्हे तर आकृतिबंधात असावीत, परदेशी वा देशी, धार्मिक वा व्यापारी, कोणत्याही संस्थेशी दफ्तरांबाबत करार करायचा झाल्यास त्याचा मसुदा आधी विधिमंडळापुढे यावा, आणि जेथे कागदच नाही तेथे त्या जमातीतील जाणत्या वृद्धांची तोंडी साक्ष पुरावा म्हणून धरली जावी. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या कार्यकर्त्याने येत्या आठवड्यात रेकॉर्ड रूममध्ये एकदा डोकावावे. कोतवाल बुक कोणत्या कपाटात आहे, त्याची शेवटची धड पाने कोणत्या सालची आहेत आणि वर छत गळते की नाही, एवढे तरी टिपून आणावे.